कंट्रोलचा फोन आणि संगणकाचे जाळे

गोदावरीच्या उत्तर तीरावरील मंचेरियल हे गाव बल्लारशा-काझीपेठ लोहमार्गावर वसलेले आहे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. आता ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. या मार्गावरील, किंबहुना देशातील कोणत्याही प्रमुख मार्गावरील स्टेशनमास्तराच्या मेजावर पूर्वापार एक फोन असतो. रेल्वेची माणसे त्याला नुसते ‘कंट्रोल’ म्हणतात. त्याची मौज अशी, की तार एकच आणि तिच्यावर साऱ्या टापूतील स्थानके जोडलेली. कंट्रोलर एका स्थानकाशी बोलत असला, तरी ज्याने फोन उचलला आहे त्या प्रत्येकाला ते ऐकू येते. एकाने बोलावे आणि दहा जणांनी ऐकावे, ही सोय तेथे तारेच्या रचनेतच आहे.

संगणकाच्या जाळ्यात ती आयती मिळत नाही. तेथे पॅकेट एका यंत्राकडून दुसऱ्या एकाच यंत्राकडे जाते. स्थानकातील कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने निघत असेल आणि ते दहा ठिकाणी पाहावयाचे असेल, तर दहा प्रती पाठवाव्या लागतात व वाटेवर ४० मेगाबिटांचा भार पडतो. यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन डीअरिंग यांनी सुचविलेला तोडगा १९८९ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे नाव मल्टिकास्ट. प्रेषकाने एकच प्रत समूहाच्या पत्त्यावर सोडावयाची (हे पत्ते २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होतात) आणि जेथे वाटा फुटतात तेथेच राउटरने तिच्या प्रती काढावयाच्या.

हा केवळ काटकसरीचा प्रश्न नव्हे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात भावांच्या प्रत्येक हालचालीची माहिती पूर्वी दलालांच्या यंत्रांना एकामागून एक पाठविली जात असे. रांगेत पुढे असणाऱ्यास ती क्षणभर आधी मिळे. त्यावरून मोठा वाद माजला. २०१४ मध्ये तेथे मल्टिकास्ट आले. सेबीचा आदेश २०१९ चा. त्यातील रक्कम परत करावयास लावणारा भाग अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये रद्द केला.

अशी ही व्यवस्था बिघडली, की भलेभले यंत्रज्ञ चकतात. कारण बाकी सारे सुरळीत असते. केबल ठीक, पिंगला उत्तर येते, फाइली ये-जा करतात. चित्र तेवढे नाही. सर्वांत फसवी तक्रार ही, की चित्र लागते, चार-साडेचार मिनिटे उत्तम चालते आणि मग थिजते. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, की तेवढाच वेळ पुन्हा चालते. मग कॅमेरा बदलला जातो, पडदा बदलला जातो, आणि दोष बहुधा दोहोंतही नसतो. चित्र कोणत्या पोर्टवर हवे आहे याची नोंद स्विच ठेवतो, आणि ती नोंद साधारणपणे २६० सेकंद टिकते. ती ताजी राहावी म्हणून कोणीतरी दर १२५ सेकंदांनी ‘अजून कोणाला हवे आहे काय?’ असे विचारावयास हवे. हे विचारणे राउटरचे काम. राउटरवर मल्टिकास्ट चालू केलेले नसेल, किंवा त्या भागात राउटरच नसेल, तर विचारणारा कोणी उरत नाही. ऐकणारा पुन्हा आपण होऊन सांगत नाही, आणि मुदत संपताच स्विच त्याचे नाव खोडतो.

घाईत काही जण स्विचचे हे नोंद ठेवणेच बंद करून टाकतात. चित्र लागते खरे. पण मग ते प्रत्येक पोर्टमधून वाहू लागते आणि ज्यांना त्याच्याशी कर्तव्य नाही अशा यंत्रांच्याही वाटा तुंबतात. याला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे. विचारणा करण्याचे काम स्विचलाच नेमून द्यावे, हा खरा उपाय.

दुसरा दोष दोन वाटा असलेल्या जाळ्यात आढळतो. नागपूरची डाक मंचेरियलला उत्तरेकडून, बल्लारशाच्या बाजूने यावयाची. तीच थैली दक्षिणेकडून, काझीपेठच्या गाडीतून उतरली, तर डाक-कारकून ती हाती घेणार नाही, अशी कल्पना करावी. राउटर नेमके तसेच वागतो. प्रेषकाकडे जाण्याची आपली वाट जी, तिनेच आलेले मल्टिकास्ट पॅकेट तो स्वीकारतो. अन्य वाटेने आलेले तो निमूटपणे टाकून देतो. पॅकेटे चक्राकार फिरत राहू नयेत म्हणून केलेला हा नियम योग्यच आहे. मात्र राउटरच्या समजुतीतील वाट व प्रत्यक्षातील वाट जुळली नाही, तर तोच नियम चित्र गिळतो.

याहून क्षुल्लक कारणही असते. पॅकेटाने किती राउटर ओलांडावेत याचा आकडा त्याच्यावर लिहिलेला असतो, आणि निराळे सांगितले नाही तर मल्टिकास्टसाठी तो १ असतो. असे पॅकेट पहिल्याच राउटरपाशी संपते.

शोध कोठून सुरू करावा, याबद्दल अनुभवी यंत्रज्ञांत फारसा मतभेद नाही. तो चित्र पाठविणाऱ्यापासून नव्हे, तर चित्र न दिसणाऱ्यापासून सुरू करतात. त्याची मागणी स्विचच्या नोंदीत आहे काय, हे प्रथम; मग ती जवळच्या राउटरला कळली आहे काय; मग त्या राउटरची प्रेषकाकडील वाट कोणती; आणि असे एकेक राउटर मागे जात, पॅकेट जेथे येते पण जेथून पुढे निघत नाही तेथे थांबतात.