पुलाचे दुखणे ओळखावे कसे?



बाजारात माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळतो. पुलाची परीक्षाही याच तत्त्वावर करता येते.

विषय आपल्या दाराशीच आहे. पिंपरी-चिंचवडच्या वरच्या अंगाला, तळेगावजवळ कुंडमळा येथे, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला. रविवार होता, पुलावर पर्यटकांची गर्दी होती. चार माणसे प्राणास मुकली, पुष्कळजण जखमी झाले.

गाडी गेली की पूल थरथरतो. ही थरथर सेकंदाला किती वेळा व्हावी, हे मुख्यतः पुलाचा ताठपणा आणि त्याचे वजन यांवर ठरते. लोखंड गंजले, जोड सैल झाले, की ताठपणा कमी होतो आणि थरथर मंदावते. हिशेबच पाहा ना. वजन तेच राहून पुलाचा एकंदर ताठपणा १०० चा ८१ झाला, तर सेकंदाला १० वेळा होणारी थरथर ९ वर येते. पुलावर बसवलेली कंपमापक यंत्रे हा फरक टिपतात.

पण इथे एक मेख आहे. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ या पुलाची १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर मोजमापे घेतली. कडक थंडीत रस्त्यावरचे डांबर घट्ट होई आणि पूल धडधाकट असूनही आकडा बदले. पुढे तो पूल पाडायचाच होता, म्हणून त्याला मुद्दाम थोडी थोडी इजा करून आकडे कसे बदलतात तेही पाहिले. सांगायचे ते हे, की एका दिवसाच्या मोजणीवर निदान करू नये. वैद्याला रोग्याची बरी असतानाची नाडी माहीत हवी, तशी पुलाची नोंद तो चांगला असतानाच सुरू व्हावी, आणि आकड्याशेजारी त्या वेळचे तापमानही लिहावे.

नोंदीचे मोल आपल्या कोयनेने जगाला दाखवले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले. धरणात बसवलेल्या यंत्राने धक्के टिपले होते, म्हणूनच तडे त्याच उंचीवर का गेले, याचा हिशेब अभियंत्यांना मांडता आला. धरणाचे बळकटीकरणही झाले.

शिक्षकांना एक सोपी रीत सांगतो. शाळेच्या भिंतीला तडा दिसला तर त्यावर चुना फासून तो झाकू नका. तड्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट बसवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी फुटली, तर तडा हालतो आहे असे समजा, वर्ग रिकामा करा आणि अभियंत्याला बोलवा. पट्टी शाबूत राहिली, तरी एकदा त्याला दाखवाच.

कुंडमळ्याला पूल धोकादायक असल्याचा फलक होता, तरी लोक पुलावर गेले. यंत्र आकडा सांगेल. पण त्या आकड्यावर वाट बंद करणे अधिकाऱ्यांचे काम आहे, आणि बंद वाटेने न जाणे तुमचे-आमचे. आपल्या गावच्या जुन्या साकवाची नोंद कोणी ठेवते का, हे येत्या ग्रामसभेत अवश्य विचारा.