दप्तर रुग्णामागे चालावे

सन्माननीय अध्यक्षमहाराज, दूरदूरहून आलेले तज्ज्ञहो, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्यापाड्यांवर रक्ततपासणी करणाऱ्या आरोग्यसेविका भगिनींनो,

पांझरेकाठच्या या नगरीच्या वतीने आपले स्वागत करण्याचा मान मजकडे आला, याबद्दल मी ऋणी आहे. विखुरलेले कागद जमविण्यात ज्यांनी हयात वेचली, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने १९२७ साली जेथे संशोधन मंडळ उभे राहिले, त्याच धुळ्यात या परिषदेत रुग्णांच्या विखुरलेल्या नोंदींचा विचार व्हावा, हे सर्वथा उचित होय.

अमेरिकेत दुर्मिळ व्याधींत गणला जाणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आमच्या शिरपूर-साक्रीकडील आदिवासी वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला तो जडण्याचा संभव चारांत एक. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचा आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचा संकल्प केला. परंतु तपासणी म्हणजे इलाज नव्हे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमाने घ्यावे लागते, रक्तपेशींची गणती वरचेवर करावी लागते. आणि आमचा रुग्ण तर दिवाळी सरताच ऊसतोडीसाठी बिऱ्हाडासह गुजरातेत जातो, तेव्हा तपासणीचा कागद घरी राहतो आणि वेदना तेवढी त्याच्याबरोबर फडात जाते.

म्हणून आभा या चौदा अंकी आरोग्य-ओळख क्रमांकाला जोडलेले रुग्णाचे संगणकीय दप्तर त्याच्या संमतीने तेथील डॉक्टरापुढे उघडावे, उपकेंद्रातील परिचारिकेने ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आणि याहून विरळा व्याधींसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाने देऊ केलेले ५० लाखांपर्यंतचे साहाय्य मिळविण्यास मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे निघालेल्या कुटुंबाचे कागद त्याच्याआधी तेथे रुजू व्हावेत, एवढी तजवीज झाली तरी यंत्राचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

मात्र वाहकपणाची नोंद चव्हाट्यावर येऊन कोणा मुलीचे लग्न मोडले, तर त्या दप्तरावरील विश्वास कायमचा उडेल. म्हणून प्रणाली रचणाऱ्यांनी गुप्ततेचा बंदोबस्त आधी करावा, आणि जेथे मोबाइलला रेंज नाही अशा पाड्यावर आपल्या यंत्राची पहिली परीक्षा घ्यावी.

आमच्या आतिथ्यात काही न्यून राहिले तर क्षमा असावी. परिषदेच्या ठरावांत मात्र न्यून राहू देऊ नये, ही विनंती करून मी आपले पुनश्च स्वागत करतो.