पात्याची वाट

(जपानी खड्गविद्येवरील भाषणाचे शब्दांकन)



जपानी तलवार म्हटली की चित्रपटातील दृश्य डोळ्यांसमोर येते. क्षणार्धात म्यानाबाहेर आलेले पाते आणि दुभंगलेला बांबू! प्रत्यक्ष साधनेचा प्रारंभ मात्र फार साधा असतो. नवशिक्याच्या हाती लाकडी तलवार येते, पुढे मिश्रधातूची, धार नसलेली ‘इआइतो’. खरी धारदार तलवार पुष्कळ काळानंतर, आणि तीही गुरूंच्या नजरेखाली.

धारदार तलवारीने प्रत्यक्ष छेद घेण्यास ‘तामेशिगिरी’ म्हणतात. तामेशी म्हणजे परीक्षा. एदो काळात ही परीक्षा तलवारीची असे. यामादा आसाएमोन घराणे शोगुनांसाठी हे काम पिढ्यान्पिढ्या करी, आणि ती पारख मृत्युदंड झालेल्यांच्या प्रेतांवर होई. इतिहासाचे हे पान झाकण्याचे कारण नाही. १८७६च्या आज्ञेने सामुराईंच्या कमरेची तलवार गेली, विद्या मात्र टिकली. आज परीक्षा असते ती धरणाऱ्या हाताची. तातामीवरील गवती चटई गुंडाळून, बांधून, पाण्यात भिजवतात आणि खुंटीवर उभी करतात.

या विद्येचे मर्म ‘हासुजी’ या शब्दात आहे. हासुजी म्हणजे धारेची रेषा. पाते ज्या मार्गाने जाते, त्याच प्रतलात धार असली पाहिजे. ती किंचित कलली तरी पाते गुंडाळीत अडकते, आणि त्या क्षणी जो बळ वाढवतो त्याचे पाते वाकते. दणकट तरुण येथे हमखास फसतो. खांद्यांचा ताठरपणा हाच त्याचा शत्रू ठरतो.

उजवा हात त्सुबाजवळ, डावा मुठीच्या टोकाशी. पकड मुख्यतः करंगळी व अनामिकेची. ओले वस्त्र पिळताना मनगटे आत वळतात, तशी ती वळावी लागतात. कुऱ्हाडीचा घाव येथे चालत नाही. टोकाकडचा भाग लक्ष्यातून ओढत न्यावा लागतो. पात्यावर खोबण असेल तर वार सरळ गेल्यावर शीळ ऐकू येते. पण तिच्यावर भाळू नये! मनगटाच्या झटक्यानेही शीळ निघते, आणि ती लक्ष्यापूर्वीच विरते.

सर्वांत परिचित छेद तिरका, खांद्यापासून विरुद्ध कमरेकडे जाणारा. त्याचे नाव ‘केसागिरी’. केसा म्हणजे बौद्ध भिक्षूंचे एका खांद्यावरून उतरणारे वस्त्र, आणि हा शब्द आपल्या संस्कृतातील ‘काषाय’पासून चीनमार्गे तेथे पोहोचला. संहाराच्या रेषेला संन्याशाच्या वस्त्राचे नाव मिळावे, हा योग विलक्षणच.

छेद झाल्यावर जाणता गुरू खाली पडलेला तुकडा उचलतो. कापलेला पृष्ठभाग सपाट असेल तर पाते आपल्या वाटेने गेले. तो खोलगट दिसला तर धार मध्येच फिरली आहे. मग धारदार तलवार म्यानात जाते आणि शिष्य पुन्हा लाकडी तलवार उचलतो.