जुनी उपहासचित्रे आणि आपले घर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात डोणगाव येथे दिलेले भाषण)



घरात कोणत्या जुन्या वस्तू जतन कराव्यात या विषयावर आम्ही बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा देवघरातील तांब्यापितळेची उपकरणी, वतनाचे कागद, पैठण्या यांविषयी आम्ही काही सांगू अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. त्या विषयांचे अधिकारी आपल्यात अनेक आहेत. आम्ही बोलणार आहोत ते भिंतीवरील छापील थट्टेविषयी. म्हणजे एचिंग व एनग्रेव्हिंग या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या जुन्या उपहासचित्रांविषयी. मेहकर तालुक्यातील डोणगावात हा विलायती विषय कशाला, अशी शंका काही चेहऱ्यांवर आम्हांस आताच दिसत आहे. तिचे निरसन होईल अशी उमेद आहे.

प्रथम कृती सांगतो. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यावयाचा. एनग्रेव्हिंगमध्ये पोलादी टोकाच्या अवजाराने त्यावर सरळ रेघ खोदतात. एचिंगमध्ये पत्र्यास मेणासारखा लेप देऊन त्यावर सुईने चित्र काढतात व मग पत्रा तेजाबात सोडतात. लेप जेथे खरवडला गेला असेल तेथेच तेजाब तांबे खाते. पुढे दोन्हींत रीत एकच. रेघांत शाई भरावयाची, वरची पुसून टाकावयाची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढावयाचा. चित्र उलटे कोरावे तेव्हा सुलटे उमटते.

ही विद्या महाराष्ट्रास अगदी परकी नव्हती. पेशवाईच्या अखेरीस पुण्याच्या इंग्रज वकिलातीत, मॅलेटसाहेबाच्या काळी, एक तांबट पत्र्यावर अक्षरे कोरण्यास शिकला. नाना फडणविसांनी त्याच्याकडून भगवद्गीता कोरून घेण्याचे मनात आणले. इ. स. 1800 मध्ये नाना निवर्तले, तांबट मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयास गेला, आणि 1805 मध्ये मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. आमच्याकडे हे अवजार पोथीच्या कामी लागले. त्याच सुमारास लंडनमध्ये तेच अवजार राजा, प्रधान, पाद्री आणि वकील यांची खोडी काढीत होते, आणि ती चित्रे दुकानाच्या खिडकीत टांगली की रस्त्यावर गर्दी जमत असे.

या कलेचा मोठा पुरुष विल्यम होगार्थ. आपली चित्रे इतर छापखानेवाले चोरून छापतात म्हणून त्याने खटपट केली, आणि 1735 मध्ये कोरीव चित्रांच्या कर्त्यास चौदा वर्षे हक्क देणारा कायदा विलायतेत झाला. तो अद्याप त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याची ‘मॅरेज आ ला मोड’ ही सहा चित्रांची मालिका 1745 मध्ये कोरून प्रसिद्ध झाली. आमच्या मते आपल्या ज्ञातीतील प्रत्येक वधूवरपित्याने ती एकदा तरी निरखून पाहावी.

पहिले चित्र म्हणजे लग्नाची बैठकच आहे. एका बाजूस वराचा पिता, खानदानी उमराव, कर्जात बुडालेला, संधिवाताने पाय बांधलेला. तो बोट दाखवितो ते आपल्या वंशवृक्षाकडे. समोर वधूचा पिता, पैसेवाला व्यापारी, चष्मा लावून करारनामा वाचतो आहे. एकाजवळ कुळ आहे, द्रव्य नाही, दुसऱ्याजवळ द्रव्य आहे, कुळ नाही, सौदा जमला. आणि ज्यांचे लग्न ती दोघे? वर आरशात आपले मुखकमल न्याहाळीत बसला आहे. वधूने त्याच्याकडे पाठ केली असून ती रुमालात अंगठी ओवून चाळा करीत आहे, आणि एक गोडबोल्या वकील तिच्या कानाशी लागला आहे. त्या कोपऱ्यात एकाच साखळीने जखडलेली कुत्र्यांची जोडी आहे, तीकडे मुलांचे लक्ष आधी जाते. पुढील चित्रांत घर कसे विसकटते ते येते. पाचव्यात तो वकील नवऱ्यास ठार करून खिडकीवाटे पळतो. सहाव्यात त्याला फाशी झाल्याचे ऐकून स्त्री विष घेते, आणि तिचा बाप मरणोन्मुख लेकीच्या बोटातली अंगठी काढून घेतो. सोने वाया जाऊ नये ना!

हुंडाप्रतिबंधक कायदा 1961 मध्ये झाला. त्यानंतर किती बैठकी झाल्या आणि त्यांत काय काय ठरले हे या मंडपात आम्ही सांगावे असे नाही. आपल्या स्मरणिकेत उपवर मुलामुलींच्या याद्या असतात, त्यांत शिक्षण, नोकरी, शेती किती एकर हे सारे असते. त्या यादीसमोरच्या भिंतीवर होगार्थचे ते पहिले चित्र असावे असे आम्हांस मनापासून वाटते. कीर्तनकार जे सांगतो आणि आपण मान डोलावून विसरतो, ते चित्र रोज सांगत राहते, आणि कोणाचे नाव घेत नाही.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी जेम्स गिलरेची चित्रे पाहावीत. 1791 च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या तोंडाशी जाऊन पाऊस आणि उपासमार यांमुळे मागे फिरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनमध्ये गिलरेने त्यावर चित्र काढले: टिपू तटावर उभा आणि खाली कॉर्नवॉलिसची पळापळ. टिपू तटावरून काय करीत आहे ते या सभेत सांगण्यासारखे नाही, म्हणून हे चित्र दिवाणखान्यात न लावलेलेच बरे. परंतु मुलांस पुढची हकीगत सांगण्यास ते उत्तम निमित्त आहे. कारण त्या उपाशी फौजेस वाटेत धान्यासह भेटले ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठी सैन्य.

आता अवघड प्रश्न. थॉमस रोलँडसन या चित्रकाराने हिंदुस्थान कधी पाहिले नव्हते; तरी 1816 मध्ये मुंबईस आलेल्या एका तरुण गोऱ्या अंमलदाराची फजिती सांगणाऱ्या पद्यग्रंथासाठी त्याने चित्रे कोरली. नायकाचे नावच ‘की हाय’, म्हणजे नोकरास मारावयाची ‘कोई है’ ही हाक. कंपनीच्या साहेबांची त्यात यथेच्छ टर आहे, पण त्याच पानांतून येथील माणसांचे आणि चालीरीतींचेही विद्रूप दर्शन आहे. मुंबईच्या ‘पारशी पंच’ची परंपरा 1854 पासूनची, तेच पत्र पुढे ‘हिंदी पंच’ झाले आणि बर्जोरजी नवरोजी यांच्या हाती नावारूपास आले. त्याची चित्रे तांब्यावर कोरलेली नव्हेत, तरी संग्राहकास तितकीच प्रिय. अशा जुन्या पत्रांतूनही बलवानाची थट्टा आणि दुबळ्याची हेटाळणी शेजारी शेजारी सापडते. कोणास जातीवरून, कोणास वर्णावरून, कोणास पोशाखावरून हसलेले असते. शेंडीलाही हसतात आणि खराट्यालाही.

आमचा नियम असा की चित्रात कोण कोणास हसतो आहे हे आधी पाहावे. फ्रान्सच्या राजास खादाड राक्षसाच्या रूपात काढल्याबद्दल दोमिए या चित्रकारास 1832 मध्ये तुरुंगात जावे लागले. असे चित्र खुशाल भिंतीवर लावावे. ज्यात कष्टकऱ्याची, स्त्रीची वा अन्य ज्ञातीची कुचेष्टा आहे ते लावू नये. कारण आपल्या बैठकीत उद्या ज्याला पाणी द्यावयाचे त्याची मान खाली जाईल अशी वस्तू घराची शोभा नव्हे. पण ते फाडूही नये. पेटीत ठेवावे, सोबत चिठ्ठी लिहावी, आणि मुले जाणती झाली की दाखवावे. आमचे वाडवडील कशाला हसत होते हेही त्यांना कळले पाहिजे.

खरेदीसंबंधी थोडेसे. पत्र्याच्या दाबाने चित्राभोवती कागदावर चौकोनी खळ उमटते. बोट फिरविले तर कडा लागते. भिंगातून रेघ अखंड दिसली पाहिजे. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो अलीकडचा छाप समजावा, विक्रेता कितीही शपथा घेवो. खळ दिसली म्हणजे सारे झाले असेही नाही. कोरलेले पत्रे कर्त्याच्या मागे दीर्घकाळ टिकतात. होगार्थचे पत्रे त्याच्या पश्चात बॉयडेल या प्रकाशकाकडे गेले आणि 1822 मध्ये हीथ याने दुरुस्त करून पुन्हा छापले. गिलरेचे 1850 च्या सुमारास बोन याने छापले, त्यांतील पुष्कळ कागद दोन्ही बाजूंनी छापलेले आढळतात. हे उत्तरकालीन छाप बनावट नव्हेत, आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबाने तेच घ्यावेत. मात्र किंमत पहिल्या छापाची देऊ नये. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार येथे नजर असेल त्याला अजून काही सापडते. दूरध्वनीच्या पडद्यावर पाहून घेणाऱ्याने मागच्या बाजूचे छायाचित्र अवश्य मागावे. शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती खासगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही, हे परदेशस्थ चिरंजीवांच्या मातापित्यांनी लक्षात ठेवावे.

आपल्या वऱ्हाडात कागदाचे शत्रू तीन: ऊन, वाळवी आणि चौकटीवाला. पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळावी. मातीच्या भिंतीस चौकट चिकटून ठेवू नये, मागे बोटभर हवा खेळू द्यावी. काच कागदास टेकू नये. चौकटीत बसत नाही म्हणून कडा कापू देऊ नये, कारण ती खळच चित्राची साक्ष. चिकटपट्टी नको, प्लॅस्टिकचे आवरण तर मुळीच नको; डकविणे भागच असेल तर गव्हाच्या खळीने, आणि तेही वरच्या दोन कोपऱ्यांपुरते.

शेवटी एक विनंती. जुनी माळवदाची घरे पाडून गावोगाव स्लॅबची घरे उभी राहात आहेत. पाडतेवेळी फडताळातील बांधीव मासिके, 1878 मध्ये निघालेल्या पुण्याच्या चित्रशाळेचे रंगीत शिळाछाप, काळवंडलेल्या चौकटी हे सारे भंगारवाल्याच्या गाडीवर किलोने जाते. मंडळाच्या पुढील बैठकीस ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते पुसल्याशिवाय, आहे तसे, सुती कापडात गुंडाळून घेऊन यावे. भिंग आम्ही आणू.