माती हाताच्या उंचीवर
(ग्रामस्थ व शिक्षक यांच्या सभेत केलेले भाषण)



माझे काम प्रसिद्धीचे. सरकारी योजना लोकांपर्यंत पोहोचविणे एवढेच मला येते. शेतीचे शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही आज परसबागेविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण गेल्या मे महिन्यात एका घरी दिलेली भेट. त्या घरचा कर्ता पुरुष पाडेली होता. माडावरून पडल्याने त्याच्या पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्याला दरमहा साहाय्य मिळत होते, चाकाची खुर्चीही मिळाली होती आणि मी त्याचीच विचारपूस करण्यास गेलो होतो. तो मात्र मिरच्यांविषयी बोलत राहिला. सोप्यावरून त्याला परसातील मिरचीची रोपे दिसत. पाने वळू लागली की घरात ते सर्वांआधी त्याच्या ध्यानात येई. परंतु सोपा आणि परसू यांच्यामध्ये तीन पायऱ्या होत्या.

येथे उपस्थित असलेल्या अधिकारी मित्रांना ठाऊकच असेल की, दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या ३७ व्या कलमात शेतजमीन व घरे यांच्या वाटपाच्या योजनांत पाच टक्के वाटा राखून ठेवण्याची तरतूद आहे. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक प्रमाणित झाले आहे त्यांना तिचा लाभ मिळू शकतो आणि त्यांतही स्त्रियांना अग्रक्रम आहे. ही तरतूद मोलाची खरीच. पण एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव लागणे वेगळे आणि मातीला हात लागणे वेगळे.

माणसाला वाकता येत नसेल तर माती वर उचलावी, हा त्यावरचा सरळ उपाय होय. आपल्याला तो परकाही नाही. गुडघे धरलेली आजी भाजीच्या वाफ्याकडे फिरकत नाही, पण तुळशीला पाणी घालते आणि मंजिऱ्याही खुडते. कारण वृंदावन तिच्या कमरेइतके उंच आहे. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या बाल्कांवच्या कठड्यावरील कुंड्यांचेही तेच. तुळशीसाठी जे केले ते तांबड्या भाजीसाठी करण्यास काय हरकत आहे? (वृंदावनातच भाजी लावा असे मी म्हणत नाही, गैरसमज नसावा.)

आता मापे सांगतो. ती गवंड्याला जशीच्या तशी सांगावीत. खुर्चीत बसून काम करणाऱ्यासाठी वाफा जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंच असावा. काठी टेकून उभे राहणाऱ्यास ८० ते ९० सेंटिमीटर उंची सोयीची. रुंदीत मात्र लोभ नको. एकाच बाजूने हात पोहोचणार असेल तर ६० सेंटिमीटर पुरे. दोन्ही बाजूंनी वाट असेल तर १२० चालेल. बांधकामास आपला चिरा उत्तम. तळाशी पाणी निघून जाण्यास भोके अवश्य ठेवावीत, कारण वर्षाकाठी आपल्याकडे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि भोकांवाचून त्या वाफ्याची टाकी होईल. तळाला नारळाची सोडणे घातली तर माती कमी लागते. ती कुजून खाली बसतात, तेव्हा वरून दरवर्षी थोडी माती व शेणखत घालावे. मिरची, वांगी, भेंडी यांना ३० सेंटिमीटर माती हवी. पालेभाजीला १५ सेंटिमीटरही भागते. म्हणून तिच्यासाठी मेजासारखी उथळ पेटी करून खाली गुडघे जाण्यास ७० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवता येते.

वाट किमान ९० सेंटिमीटर रुंद आणि खुर्ची वळविण्याच्या जागी दीड मीटर मोकळे हवे. उताराचे प्रमाण बारास एक. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. कित्येक ठिकाणी जागा नाही म्हणून उभाच उतार बांधला जातो. त्यावरून खुर्ची एकट्याला चढविता येत नाही आणि उतरताना तर ती हाताबाहेर जाते. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरते, ते काथ्याने घासून काढावे लागते. हे काम कोणाचे, ते घरात आधीच ठरलेले बरे.

अवजारे विकत आणण्याची फारशी गरज नाही. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की अशक्त हाताची पकड सुटत नाही. बी टाकण्यास नळीचा तुकडा पुरतो. झारी टाळावी, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, तेव्हा तांब्याच बरा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. ज्याच्या पायांना संवेदना नाही, त्याला उन्हात तापलेला चिरा लागून पोळले तरी कळत नाही. काम सकाळी किंवा कलत्या उन्हात करावे, अंगभर कपडे व पायांत पादत्राणे असावीत आणि संध्याकाळी कोणी तरी पाय नीट पाहावेत. मधुमेह्यांनाही हेच लागू. सतत बसल्याने जखमा होतात. त्यासाठी दर पंधरावीस मिनिटांनी पुढे व बाजूला झुकून बैठकीवरील भार थोडा वेळ हलका करावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळांच्या बागांत चालता न येणाऱ्या मुलाच्या हाती बहुधा हजेरीची वही दिली जाते. त्यामागे दयाच असते, हे मी जाणतो. पण इतर मुलांची नखे मातीने भरलेली असताना याची तेवढी स्वच्छ राहतात, हे त्या मुलाला दिसत असते. शाळेत एक उंच वाफा बांधण्यास फार चिरे लागत नाहीत.

त्या पाडेल्याच्या घरी पावसाळ्याआधी वाफा झाला आणि पायऱ्यांच्या बगलेने उतारही. गवंडी वाफा भिंतीला टेकवून बांधणार होता. याने तो सुटा बांधून घेतला, कारण त्याला रोपे चारी बाजूंनी पाहावयाची होती. मार्गशीर्षात मी पुन्हा गेलो तेव्हा तो एक पान उलटून पाहत होता. पान वरच्या बाजूस वळले तर फुलकिडे आणि खालच्या बाजूस वळले तर कोळी, असे त्याने मला समजावून सांगितले. सोप्यावरून हे दिसत नसे, असेही तो म्हणाला.