परमुलखातला संसार आणि भाषेचे शिक्षण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आपल्या वस्तीतील मुले-मुली आता परदेशी जाऊ लागली आहेत, त्यांच्या संसाराविषयी दोन शब्द बोला, असे समितीने सुचवले. आम्ही काही विद्वान नाही. साचा खात्यात पाळी करून रात्रशाळेत शिकलेली माणसे आम्ही. पण आमची लेक २०१९ साली लग्न होऊन जर्मनीला गेली आणि २०२२ साली तिच्या बाळंतपणाला आम्ही नवराबायको तिकडे नव्वद दिवस राहून आलो. तिथे जे पाहिले आणि आमचे जे चुकले, तेवढेच आज सांगणार आहोत.

मुलीला निरोप दिला तो याच विहारात. भन्तेजींनी परित्राण पाठ म्हटला, महिला मंडळाने ओटी भरली. सगळ्यांनी एकच उपदेश केला, 'घर नीट सांभाळ, जावयांना जप.' आम्हीही तेच सांगितले. 'तिथली भाषा शिकून घे' असे एकानेही म्हटले नाही. मित्रहो, १९९० नंतर साक्षरतेच्या कामात आम्ही याच गल्लीबोळातून फिरलो. बायाबापड्यांच्या हातात पाटी-पेन्सिल देताना ज्याला अक्षर येत नाही तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत जगतो, असे तळमळून सांगत होतो. आणि स्वतःच्या लेकीला मुकी करून विमानात बसवले! हे आमचे पहिले चुकले.

चुकायला एक कारणही होते. जर्मनीत नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जाणाऱ्याला साधारणपणे जर्मन भाषेची अगदी प्राथमिक परीक्षा देऊन मगच व्हिसा मिळतो. हा नियम २००७ सालचा. पण ज्याच्याकडे 'ब्ल्यू कार्ड', म्हणजे उच्चशिक्षित नोकरदाराचा परवाना असतो, त्याच्या जोडीदाराला ही अट नाही. जावई इंजिनियर, त्यांच्याकडे ब्ल्यू कार्ड. 'परीक्षा नको, कटकट वाचली,' म्हणून आम्ही पेढे वाटले. ती कटकट वाचली नव्हती, ती पुढे ढकलली होती. जावयांचे ऑफिस इंग्रजीत चालते. पण दवाखाना, दुकान, शेजार, बालवाडी आणि टपालाची पेटी यांचा कारभार जर्मनमध्ये चालतो. म्हणजे नवऱ्याचा दिवस इंग्रजीत आणि बायकोचा दिवस जर्मनमध्ये. भाषेची जास्त गरज कोणाला? जिला अट नव्हती तिला!

त्यांचे गाव श्टुटगार्टजवळ. तिकडच्या एका गोष्टीने आमच्या लेकीला रडवले, ती ऐका. गेल्यानंतर दुसऱ्या महिन्यात एका सकाळी तिच्या दाराच्या मुठीला कोणीतरी एक पाटी अडकवून गेले. पाटीवर झाडूचे चित्र. खाली काय लिहिले ते तिला वाचता येईना. आजूबाजूच्या दारांना तशी पाटी नव्हती, फक्त हिच्याच दाराला. बंधू-भगिनींनो, आपल्या घरातल्या मुलीच्या दाराला झाडूचे चित्र! तिच्या मनात काय आले असेल ते तुम्हाला सांगायला नको. इथेही आपल्याला कोणी ओळखले की काय? तिने ती पाटी काढून कपाटात लपवली. नवऱ्याला सांगितले नाही, आम्हाला फोनवर सांगितले नाही. तीन आठवडे ती पाटी कपाटात. मधे शेजारची आजी येऊन काहीतरी तावातावाने बोलून गेली, तेही कळले नाही.

शेवटी जावयांच्या हाती पाटी लागली. त्यांनी ऑफिसात विचारले तर तिथला सोबती हसायलाच लागला. त्या भागात इमारतीचा जिना आणि पुढचा रस्ता आळीपाळीने झाडायची जुनी रीत आहे. तिला म्हणतात 'केरवोखं', म्हणजे केर काढायचा आठवडा. योगायोग असेल, पण शब्दातसुद्धा आपला केर आहे! ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. या आठवड्यात आमच्या लेकीच्या दारावर, पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या दारावर, त्याच्या पुढच्या आठवड्यात आजीच्या. आम्ही तिथे असताना पाळी आली, तेव्हा आम्ही हौसेने जिना झाडला. डॉक्टरसाहेब जाता जाता नमस्कार करून गेले. ज्या देशात झाडूला जात नाही, त्या देशात आमची लेक झाडूच्या चित्राने तीन आठवडे जळत राहिली, कारण तिच्याजवळ विचारण्यापुरता एक शब्द नव्हता. जातीचा घाव आपण मनात घेऊन जातो. तो खरा की भासाचा, हे पडताळून पाहायलासुद्धा भाषा लागते.

आम्ही गेलो तेव्हा नात पंधरा दिवसांची होती. फोनवर लेक नेहमी म्हणायची, 'सगळं छान आहे.' घरात पाऊल टाकले तेव्हा कळले, छान काही नव्हते. पोर सुकली होती, बोलणे कमी. टेबलावर न फोडलेल्या पाकिटांचा ढीग, त्यातल्या एका बिलाची मुदत टळून वर दंड लागलेला. तिकडे बाळंतिणीच्या घरी सुईण येते, तिचा खर्च आरोग्य विमा देतो. फार चांगली पद्धत आहे. ती सुईण रोज विचारायची, 'कशी आहेस?' आणि आमची लेक तिला येत असलेला एकच शब्द सांगायची, 'गूट', म्हणजे 'बरी'. बरी नव्हती, पण 'बरी नाही' याच्यापुढचे कोणत्या भाषेत सांगणार? मुलीच्या आईला एक अक्षर कळत नव्हते. तिने सुईणीचा हात धरला, लेकीच्या डोळ्यांखाली बोट दाखवले आणि मान हलवली. सुईणीने त्या दिवशी तासभर बसून, मोबाईलवर भाषांतर करत करत, सारे विचारून घेतले. तिथून पुढे उपचार सुरू झाले.

आमची स्वतःची गतही सांगतो. दुकानात गेलो तर रोमन अक्षरे सगळी ओळखीची, अर्थ एकाचाही कळेना. साखर म्हणून मीठ उचलले. पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही पुन्हा अंगठेबहाद्दर झालो. मग आमच्या वर्गात येणाऱ्या आयाबहिणींची मान का खाली असायची, ते आम्हाला त्या दुकानात उमगले.

एके रात्री जावयांपाशी विषय काढला. ते म्हणाले, 'बाबा, शिकून काय करायचं? चार-पाच वर्षांनी परत यायचंच आहे.' जावई वाईट नाहीत, कष्टाळू आहेत. पण हे वाक्य जुने आहे. १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून पश्चिम जर्मनीने कारखान्यांसाठी, खाणींसाठी कामगार आणले. त्यांना नाव दिले 'पाहुणे कामगार'. पाहुणा परत जाणार, मग त्याला भाषा कशाला? सरकारला तसे वाटले, कामगारालाही तसेच वाटले. १९७३ साली भरती बंद झाली, पण पुष्कळ जण राहिले, बायकामुले आली, नातवंडे झाली. घरात शाळकरी पोर दुभाषा झाले. आईचे दुखणे डॉक्टरला सांगायचे तेही त्या पोराने. नव्याने येणाऱ्यांसाठी भाषेचे पद्धतशीर सरकारी वर्ग निघाले २००५ साली, म्हणजे पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनी. आमचे वाडवडीलही गावाहून गिरणीत 'चार वर्षांसाठी'च आले होते. परत कोण गेले?

मग आम्ही जावयांना सिगालोवाद सुत्ताची आठवण दिली. त्यात भगवंतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. चौथे कर्तव्य नीट ध्यानात घ्या. ज्या घरात पत्र नवरा वाचतो, फोन नवरा करतो, डॉक्टरशी नवरा बोलतो, त्या घरात बायकोच्या हाती अधिकार कुठला? परमुलखात भाषा हाच अधिकार आणि भाषा हाच अलंकार. जावई त्या रात्री काही बोलले नाहीत. आठवड्याने म्हणाले, 'मंगळवार-गुरुवार संध्याकाळी बाळाला मी बघतो.' मित्रहो, त्या दोन संध्याकाळींनी तो संसार सावरला.

तिकडे गावोगावी 'फोल्क्सहोखशूले' असतात, म्हणजे लोकांची विद्यालये. प्रौढांनी कमी फीमध्ये शिकावे म्हणून. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतसुद्धा त्यांचा उल्लेख आहे. आपल्या रात्रशाळेचीच थोरली बहीण समजा. सरकारी अभ्यासक्रमाचा साधारण हिशोब ६०० तासिका भाषेच्या आणि १०० तासिका तिथला इतिहास, कायदा, रीतीभातीच्या. लेकीच्या वर्गात सीरियाची बाई, युक्रेनची बाई, तुर्की आजी. आमची लेक मराठी शाळेची, इंग्रजीची धास्ती घेतलेली. पण इथे कॉन्व्हेंटवाली आणि पालिकेच्या शाळेतली एकाच बाकावर. सगळ्यांची पाटी कोरी!

आणि गंमत बघा, मराठी तिच्या मदतीला आली. इंग्रजीवाले 'डेर, डी, दास' पाहून घाबरतात. आपल्याला तो, ती, ते आईच्या दुधातून मिळालेले. त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. हे पाठच करावे लागते, पण तीन लिंगे असतात याचे नवल वाटत नाही. इंग्रजीत आधी वीस मग एक. जर्मनमध्ये आधी एक मग वीस, आपल्या एकवीससारखे. थोरामोठ्यांना 'झी', जवळच्याला 'डू', आपले तुम्ही आणि तू. जोडवाक्यात क्रियापद पुष्कळदा शेवटी जाते, तेही आपल्यासारखेच. पण वर्गातली जर्मन वेगळी आणि शेजारच्या आजीची श्वाबिश बोली वेगळी. पुस्तकात 'इस्ट', आजीच्या तोंडी 'इश'. पुस्तकी भाषा आणि घरची बोली यांच्यामधला अपमान आपण शाळेत भोगलेला आहे, म्हणून लेकीने आजीच्या बोलीला हसण्याऐवजी तिच्याकडूनच ती शिकायला घेतली. तावातावाने बोलणारी आजी आता नातीला सांभाळते.

भाषेबाबत भगवंतांची शिकवण दोन ठिकाणी स्पष्ट आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे पंडितांच्या भाषेत घालण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि स्वतःच्या भाषेत धम्म शिकण्याची मुभा दिली. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात दुसरी बाजू आहे. एकाच भांड्याला एका मुलखात पाति म्हणतात, दुसरीकडे पत्त, तिसरीकडे सराव. माझाच शब्द खरा, असा हट्ट धरू नये. जिथे जाल तिथला शब्द समजून घ्यावा. म्हणजे आपली भाषा टाकायची नाही आणि दुसऱ्याची नाकारायची नाही. हाच मध्यम मार्ग. नातीच्या बालवाडीच्या बाईंनीही तेच सांगितले, 'घरात तुमचीच भाषा बोला, जर्मन आम्ही शिकवू.' नात आता आमच्याशी फोनवर अर्धे मराठी, अर्धे जर्मन बोलते. कधी कधी काळजात कळ उठते. पण 'आजोबा, जयभीम' हे ती अजून स्वच्छ मराठीत म्हणते.

जर्मन बोलणाऱ्या माणसांनीही आपल्यासाठी भाषा शिकली आहे, हे विसरू नका. कार्ल ऑयगेन नॉयमान यांनी पालीतून मज्झिम निकाय जर्मनमध्ये नेला. १८७८ साली वीसबाडेनला जन्मलेले ञाणतिलोक १९०४ साली ब्रह्मदेशात भिक्खू झाले. डॉ. पाउल डाल्के यांनी १९२४ साली बर्लिनमध्ये बौद्ध गृह उभारले. आणि आपले बाबासाहेब? कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ढीगभर अभ्यासात त्यांनी प्राथमिक जर्मन आणि फ्रेंचचेही वर्ग केले. उतारवयात पालीचा कोश आणि व्याकरण लिहायला बसले, ते १९९८ साली त्यांच्या समग्र साहित्याच्या सोळाव्या खंडात छापून आले. तेव्हा 'आता काय वय राहिलं' असे कोणी म्हणू नये.

शेवटी समितीपुढे आमच्या सूचना ठेवतो. एक, परदेशी जाणाऱ्या मुलीच्या ओटीत नारळाबरोबर त्या भाषेचे पहिले पुस्तक घाला. मुंबई-पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकवतात. लग्न ठरल्याबरोबर नाव घाला, अट असो वा नसो. दोन, फोनवर 'जेवलीस का' याच्याबरोबर 'आज बाहेर कोणाशी बोललीस' हेही विचारा. 'छान आहे' यावर लगेच विश्वास ठेवू नका. तीन, रविवारी विहारात बालसंस्कार वर्ग चालतो, त्यात परदेशातल्या नातवंडांना मोबाईलवरून बसवा, म्हणजे मराठी टिकेल. आणि चार, आपल्या गल्लीत परप्रांतातून आलेल्या बाया रेशन दुकानात मोडके मराठी बोलतात, तेव्हा कोणी हसू नका. त्यांच्या जागी आमची लेक उभी होती.

परवाच लेकीने सांगितले, खालच्या मजल्यावर नवीन कुटुंब आले. त्यांच्या दाराला झाडूची पाटी लावायची पाळी हिच्याकडे होती. हिने नुसती पाटी अडकवली नाही. बेल वाजवली, नाव सांगितले, आणि पाटी म्हणजे काय ते जर्मनमध्ये समजावून सांगितले.