अटींचा कोरा रकाना

परिषदेच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, गावोगावहून आलेले काझीसाहेब, वकील मंडळी आणि निम्म्याहून जास्त खुर्च्या व्यापलेल्या भगिनींनो,

जेवणाच्या आणि निवासाच्या सूचना दाराशी लावल्या आहेत. त्यामुळे माझा वेळ मी शरियत आणि देशाचा कायदा या आपल्या विषयालाच देतो.

पुण्यात तुमचं स्वागत करताना समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव घ्यायलाच हवं. तोंडी तलाक बंद व्हावा म्हणून १८ एप्रिल १९६६ला त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. पुढे १९७० साली याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो २०१७ साली!

शरियत आणि देशाचा कायदा भिडले की बातमी होते. जुळले की कुणाच्या लक्षात राहत नाही. १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा घ्या. आपल्याकडे बहुतेकजण मानतात त्या हनफी मतानुसार टाकलेल्या बाईला सुटकेची वाट जवळपास नव्हतीच. निकाह तुटावा म्हणून काहीजणी धर्म सोडू लागल्या. तेव्हा धर्मपंडित मौलाना अशरफ अली थानवींनी दुसऱ्या, मालिकी मताचा आधार शोधला आणि कायदेमंडळानेही त्या मताचा आधार घेतला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल किंवा दोन वर्षं खर्च देत नसेल, तर बायको न्यायालयात जाऊन निकाह मोडून घेऊ शकते.

माझा भर मात्र निकाहनाम्यावर, म्हणजे लग्नाच्या करारपत्रावर आहे. निकाह हा करार; त्यात अटी घालता येतात. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर तलाकचा अधिकार बायकोला, ही तफवीजची, म्हणजे अधिकार सोपवण्याची अट शास्त्रात बसते आणि आपली न्यायालयंही ती मानतात. पण घराघरांत काय दिसतं? मेहेर नगद की उधार, साक्षीदार कोण, सगळं लिहिलेलं. अटींचा रकाना मात्र कोरा. मांडव आणि बिर्याणी ठरवायला महिनाभर बैठका होतात, पण अटीचा विषय काढला की वडीलधारे म्हणतात, शुभकार्यात तलाकचं नाव कशाला! काझीसाहेब, ही भीड तुम्हीच मोडू शकता. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाचा २००५चा नमुना निकाहनामा आहे, महिला संघटनांचेही आहेत.

गोव्याच्या पाहुण्यांना हे ऐकून नवल वाटेल. तिथे १९३७चा शरियत कायदा लागूच नाही आणि लग्नाची नोंद सरकारदरबारी करावीच लागते. त्यांनी दुपारी मोकळेपणाने बोलावं, अडचणींसकट.

यजमान म्हणून एकच मागणी: उद्या निघण्यापूर्वी अटींचा मराठी मसुदा तयार व्हावा. टंकलेखनाची सोय केली आहे. अध्यक्ष महोदया, सूत्रं आपल्याकडे.